मालनमावशीची बेचाळीस मीटर वायर

मालनमावशीच्या दुकानात घाईनं शिरलेला माणूस घाईनं बाहेर पडत नाही. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि बरोब्बर समोर तिचं वायरी-बोर्डांचं. मी तापट माणूस. कुणी वाट बघायला लावलं की माझं डोकं फिरतं. मावशीला त्याचं सोयरसुतक नाही.

गिऱ्हाईक म्हणतं, एक एक्स्टेंशन द्या. मावशी चष्मा नाकावर ओढते आणि विचारते, त्याच्यावर चालवणार काय? न्यायची किती लांब? आणि वायरीवर पाय कुणाचे पडणार? या तिसऱ्या प्रश्नाला भलेभले गडबडतात. पार्लरवाल्या बाईला तिनं जाड पण आखूड वायर दिली, कारण गिऱ्हाइकाच्या खुर्चीभोवती वेटोळी नकोत. एमआयडीसीतल्या वेल्डरला बोटाएवढी जाड रबरी केबल. रसवंतीवाला तर तिला लई भ्यायचा. बोर्ड जमिनीवर ठेवणार म्हणाला, तर तिनं वायर दाखवायच्या आधी त्याच्याकडून खांबाला खिळा मारून घेतला. मला मात्र झेरॉक्स, कूलर आणि चहाची किटली एकाच बारक्या वायरीवर चालवायची होती. तेव्हा तिनं माझा जो उद्धार केला, तो अख्ख्या रस्त्यानं ऐकला. मी चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी मुकाट्यानं किटली वेगळ्या प्लगवर लावली.

एकदा एकजण कूलरचा प्लग घेऊन आला. घरात सॉकेट दोन छिद्रांचं, तेव्हा वरची जाड पिन मोडून द्या म्हणाला. आपल्याकडे ही पिन मोडायला कुणी मागंपुढं बघत नाही. मावशीनं तो प्लग गल्ल्यात टाकला आणि सांगितलं की आधी घरात अर्थिंगवालं सॉकेट बसव, मंग प्लग घेऊन जा. माणूस तणतणत गेला. दोन दिवसांनी नवं सॉकेट बसवून आला आणि येताना तिच्यासाठी सीताफळं घेऊन आला. ती तिनं मलाही दिली, म्हणून मला आठवतं.

हे सगळं ती शिकली झाडूनं. तरुणपणी एका बियाणे कंपनीच्या गोदामात ती झाडायला होती. साहेब वायर ओलांडून जातो, पण झाडणाऱ्या बाईला ती उचलावी लागते, असं तिचं म्हणणं. कुठली ट्रॉलीखाली चेंगरते, कुठली ओलीत पडून राहते, कुठली हाताला गरम लागते, हे तिला वायरमनच्या आधी कळायचं. वायरमनचं नाव तातेराव. रोज त्याला चुका दाखवून दाखवून शेवटी तिनं त्याच्याशीच लग्न केलं. आता तातेराव घरी स्वयंपाक करतात आणि ती दुकान चालवते. साठी उलटली तरी नेसण नऊवारीच, आणि तिच्या कमरेला किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी टेस्टर खोचलेला असतो.

गेल्या फेब्रुवारीत धावड्याहून प्रीती नावाची पोरगी आली. पंचवीस-सव्वीसची, पण बोलायला धीट. गावातल्या बायांच्या गटाला डाळ भरडायचं यंत्र मिळालं होतं, पण आठ दिवसांच्या बोलीवर. आठव्या दिवशी तालुक्याहून साहेब येणार, यंत्र चालताना दिसलं तर राहणार, नाही तर यादीतल्या पुढच्या गावाला जाणार. यंत्र ठेवलं होतं पंचायतीच्या मागच्या खोलीत आणि बोर्ड होता पुढच्या खोलीत. पक्की फिटिंग यंत्र राहणार हे ठरल्यावर होणार होती, तोवर वायर ओढायची. प्रीतीची सासू कांताबाई आधीच म्हणाली होती की हे बायांचं काम न्हाई, चार दिवसांची नवलाई हाये.

मावशीनं तीन प्रश्न विचारले. दोन घोड्यांची, म्हणजे दोन एचपीची मोटार. वायर भिंतीच्या कडेनं, पाय फक्त बायांचे. लांबी किती, तर प्रीती म्हणाली, "पाच साड्या."

मी दुकानातून फिसकन हसलो. मावशीनं माझ्यावर डोळे वटारले. टेप सगळ्यांच्या घरी नसतो, साडी असते, आणि मापायला साडी काय वाईट, असं तिनं मला सुनावलं. मग बोटांवर हिशोब करून तीन तारांची, अडीच एमएमची बेचाळीस मीटर केबल कापली. एका टोकाला प्लग, दुसऱ्या टोकाला सॉकेटचा मजबूत डबा. पोरगी खूश होऊन गेली.

सातव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मोटार पंधरा मिनिटं झकास चालली, मग दमल्यासारखी झाली आणि वायरीचा जळका वास आला. भिऊन त्यांनी बंद केली. उद्या अकराला साहेब येणार आणि गावभर झालं की यंत्र खोटं निघालं. हे सांगताना प्रीतीला रडू फुटलं. मावशीचा चेहरा मी तेरा वर्षांत असा कधी पाहिला नव्हता. माझी वायर जळत न्हाई, एवढंच ती दोनदा म्हणाली. मग मला म्हणाली, उद्या दुकान बंद ठेव, पिशवी उचलायला माणूस लागतो. माझा संताप झाला, पण मी गेलो.

पहिली एसटी धरून भोकरदन, तिथून जीपनं धावडा. नऊ वाजता पोचलो. पंचायतीच्या खोलीत दहा-बारा बाया, सगळ्यांच्या नजरा जमिनीला. प्रीतीनं मावशीला वायर दाखवली. बोर्डापासून भिंतीच्या कडेनं निघालेली वायर यंत्रापाशी पोचून वर चांगली चौदा-पंधरा मीटर उरली होती. आता आपल्या बाया नीटनेटक्या. उरलेली वायर पायात नको म्हणून त्यांनी तिची घट्ट, गोल चुंभळ केली होती, हंड्याखाली डोक्यावर ठेवतात तशी. सुतळीनं बांधली होती आणि वर तुरीची दोन पोती ठेवली होती, उंदरानं कुरतडू नये म्हणून.

मावशीनं पोती सरकवली. चुंभळीतले आतले वेढे मऊ पडून एकमेकांना चिकटले होते. मी मनात म्हटलं, आता या पोरींची खैर नाही. सबंध जालन्याला शिव्या घालणारी बाई ती. पण मावशी उकिडवी बसून ते वेढे बोटांनी चाचपत राहिली. तिनं प्रीतीच्या अंगावरच्या साडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या लुगड्याकडे.

"मापलं ते या साडीनं?"

प्रीतीनं मान हलवली. सहावारी साडी, साडेपाच मीटर. मावशीनं हिशोब धरला होता आपल्या नऊवारीचा, सव्वाआठ-साडेआठ मीटरचा.

"पोरींनो, चूक माझी हाये," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नेसते मी नऊवारी, म्हणून जग नेसतं असं धरून चालले. जास्तीची वायर मीच तुमच्या गळ्यात घातली."

मग तिनं समजावून सांगितलं. वायर चालताना थोडी तापतेच, मोकळी पसरलेली असली तर गरमी निघून जाते. गुंडाळली आणि वर पोतं टाकलं, तर उन्हाळ्यात गोधडी पांघरून बसल्यासारखं होतं. वायर पुरेल एवढीच घ्यावी, आणि जास्त असली तर सगळी उलगडूनच चालवावी. बोलता बोलता तिनं बोर्डातला प्लग काढला, बिघडलेले वेढे कापून टाकले, चांगल्या टोकाला सॉकेटचा डबा पुन्हा बसवला. प्रत्येक स्क्रू प्रीतीकडून आवळून घेतला. मी टॉर्च धरला होता, तोही वाकडा धरतो म्हणून बोलणी खाल्ली.

साडेदहाला मोटार सुरू झाली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मावशी वायरीवर तळहात फिरवत बोर्डापर्यंत गेली आणि तशीच परत आली. वायर कोमट होती, बस. खालच्या डब्यात पिवळीधमक डाळ पडायला लागली आणि खोलीत असा गलका झाला की साहेब दारात येऊन उभे राहिलेले कुणाला दिसलेच नाहीत. त्यांच्यामागं निम्मं गाव होतं, त्यात कांताबाईही.

साहेबांनी डाळ हातात घेतली, फुंकर मारली, मान डोलावली. मग म्हणाले, काल यंत्र बंद पडलं होतं असं ऐकलं, काय झालं होतं?

मावशी पुढं सरकली. ती सगळ्या गावासमोर आपली चूक सांगणार, हे मला दिसत होतं. पण प्रीती तिच्या आधी बोलली.

"काल आम्ही शिकून राह्यलो होतो, साहेब. आज भरडून राह्यलो."

साहेब हसले आणि त्यांनी वहीत लिहिलं की यंत्र धावड्यातच राहील. बाया टाळ्या वाजवत होत्या. कांताबाई आल्या पावली घरी गेली आणि आपली तूर डोक्यावर घेऊन रांगेत येऊन उभी राहिली.

परतीच्या जीपमध्ये मावशी खिडकीशी बसली. डोळे पाण्यानं भरले होते आणि तोंड हसत होतं, आणि दोन्ही लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

"सोमेश्वर," ती म्हणाली, "आयुष्यभर मी लोकांच्या चुका चव्हाट्यावर मांडल्या. माझी एक झाली, तर त्या पोरीनं पोटात घातली."