पहिला जुर्माना

आता माझी फजिती ऐकायचीच आहे ना? ऐका, पण आमच्या बायकोसमोर हसू नका. तिच्या मते फजिती झालीच नव्हती.

निजामाचं राज्य होतं. हिंगोलीत दवंडी फिरली: रस्त्यावर केर टाकील त्याला आठ आणे जुर्माना. आणि केर टाकणाऱ्यांना धरायला जमादार नेमलं मला! छातीवर पितळी बिल्ला, अंगात भडक हिरवा कोट. तसला कोट अख्ख्या हिंगोलीत दुसरा नव्हता. मी स्वतःलाच सलाम ठोकायचं तेवढं बाकी होतं.

पण धरणार कोणाला? केळीची सालं फेकणारा निघायचा साडू, राख ओतणारी निघायची मावशी. महिना सरला, जुर्माना शून्य. दरोगासाहेब म्हणाले, उद्या गुन्हेगार आण, नाहीतर बिल्ला ठेवून घरी जा. मी बायकोला सगळं रडगाणं ऐकवलं आणि न जेवताच झोपलो.

सकाळी तिठ्यावर बघतो तर काय! पत्रावळीवर भात, कापलेलं लिंबू, मिरच्या आणि मधोमध चिंध्यांची बाहुली. कोणीतरी दृष्ट काढून भर रस्त्यात उतारा टाकलेला. लोक वळसा घालून जात होते. झाडूवालासुद्धा हात लावेना. म्हणाला, "जमादार, शिवू नका. ज्याची पीडा असंल ती तुमाला लागंल."

मी कसला ऐकतोय? कायद्याला कुठे दृष्ट लागते का? पत्रावळ उचलली आणि "हा केर कोणाचा?" असं ओरडत भर बाजारातून कचेरीत नेली. मागे ही गर्दी!

साहेब आधी खुर्चीसकट मागे सरकले. मग लांबूनच त्यांनी बाहुलीचं झबलं न्याहाळलं. मग मला न्याहाळलं.

"जमादार, ये हरा कपडा हिंगोली में और किसके पास है?"

मी कोट फिरवून पाहिला. मागच्या घोळातून वीतभर कापड गायब!

बायकोला बोलावणं गेलं. ती पदर सावरत आली आणि सरळ म्हणाली, "ह्यांची नोकरी जाऊन राहिली होती. लोकांची नजर लागली, म्हून मीच उतरून टाकलं. काहून, काय झालं?"

कचेरी हसून हसून लोळायची बाकी. जुर्माना अर्थात माझ्याच खिशातून गेला. पण गुन्हेगार सापडला म्हणून साहेबांनी बिल्ला तेवढा माझ्या छातीवर राहू दिला.

घरी जाताना मी तिच्यावर असा तापलो होतो! तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नोकरी राह्यली न? मंग उतारा बराबर लागू पडला की."

पुढच्या महिन्यात साहेब पुन्हा गरजले, तेव्हा कोट आणि कात्री मीच तिच्यापुढे नेऊन ठेवली.