इक्बालच्या गाण्यांतला कचरा

चहा घ्या आधी. आणि माझ्याविषयी मनात काही आदरबिदर असेल तर तोही घोटाघोटानं संपवून टाका, कारण आता जे सांगणार आहे ते ऐकून तो टिकणार नाही.

चुका मी आयुष्यात लई केल्या. एकदा भलत्याच कार्यालयात शिरून, पोटभर जेवून, अनोळखी नवरदेवाला आहेर देऊन आलोय. पण त्या चुका चारचौघांत सांगता येतात, लोक हसतात, आपणही हसतो. ही जी सांगतोय, हिच्यावर हसताना माझा घास अडकतो. तरी सांगतो, कारण मी नाही सांगितलं तर इक्बाल सांगणारच आहे.

इक्बाल म्हणजे माझा कॉलेजपासूनचा दोस्त. पैठणच्या शाळेत भूगोल शिकवायचा, रोज एसटीनं जाऊन-येऊन. गिटार वाजवतो. बरी वाजवतो, म्हणजे शेजारी तक्रार करत नाहीत इतपत. खरा गळा होता तो त्याच्या बायकोचा, शबाना भाभींचा. भाभी पाचोडच्या. लग्नातली ढोलकीवरची गाणी, आईकडून आलेली जात्यावरची गाणी, निम्मी दखनी, निम्मी मराठी. त्या ओट्याशी पोळ्या लाटता लाटता गायच्या, हा खुर्चीवर बसून गिटार छेडायचा आणि मोबाइल फ्रिजवर ठेवून सगळं रेकॉर्ड करायचा.

भाभी यंदाच्या हिवाळ्यात गेल्या. फुफ्फुसाचं दुखणं. वर्षभर खोकत होत्या. शेवटी शेवटी गाणं सुटलं आणि नुसता खोकला राहिला.

चाळिसावा झाला, उन्हाळा लागला, आणि एक दिवस इक्बाल आमच्या गारखेड्याच्या घरी आला. बसला नाही. खिशातून काडेपेटी काढली, तिच्यात मोबाइलचं बारकं कार्ड कापसात ठेवलेलं.

"तिची-माझी गाणी एकामागं एक लावलीत," म्हणाला. "मोबाइल तर गेला कामातून, एवढं कार्ड वाचलं. दुसरीकडं कुठंच नाय हे. ऐक अन् सांग कसं वाटतं ते."

बघा, काय म्हणाला? ऐक. मराठीत इतका सोपा दुसरा शब्द नसेल. पहिलीतल्या पोराला कळतो.

आता तुम्हाला माझ्या कलेविषयी सांगायला पाहिजे. बँकेतून निवृत्त झाल्यावर मुलानं माझ्या लॅपटॉपवर आवाजाची कापाकापी करायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. माणूस रिकामा असला की हात शिवशिवतात. कॉलनीच्या गणपतीतली भाषणं मी साफ करून देऊ लागलो. अध्यक्षांचं भाषण मी इतकं कापलं की ते त्या वर्षी लोकप्रिय झाले. झालं, मला वाटायला लागलं की आवाजातलं आपल्याला कळतं.

त्यात ह्या विद्येची एक गंमत आहे. आवाज पडद्यावर दिसतो. गाणं असलं की रेघांची दाट झाडी, बोलणं-खोकणं असलं की तुटक तुटक काटे. जाणकार माणसाला ऐकत बसावं लागत नाही. बघायचं, उचलायचं, कापायचं.

मी पहिलं गाणं अर्धं ऐकलं. भाभींचा आवाज आला आणि मला खरंच गलबलून आलं. पण गाण्याच्या मागं कूलरची घरघर, मधेच कुकरची शिट्टी, आणि गाणं संपतं तिथं पडद्यावर खोकल्याचे काटे. म्हटलं, अरेरे, एवढा सोन्यासारखा गळा आणि काय ही दशा. इक्बालला लगेच मेसेज टाकला: "फारच छान. सुधारणेला वाव आहे."

त्याचं उत्तर आलं नाही. आता उत्तर न येण्याचा अर्थ शहाण्या माणसानं काय घ्यावा? मी घेतला, की तो संकोचतोय, मित्राला काम कसं सांगावं म्हणून. म्हटलं, न सांगता करू.

दोन दिवस खपलो. मधलं, शेवटचं, इकडचं-तिकडचं, सगळं काटेरी दिसेल ते कापलं. घरघर काढली. सुनीता, म्हणजे आमची सौ., भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "अहो, आधी पूर्ण ऐका तरी."

"त्यात ऐकायचं काय? दिसतंय की."

"दिसतंय? गाणं?"

मी तिच्याकडं कीव करावी तसं बघितलं. शेवटी लॅपटॉपनं विचारलं, जुन्याच्या जागी नवं ठेवू का? म्हटलं, ठेव बाबा. बँकेत जन्मभर समोर येईल त्यावर सही केलेला माणूस मी. कार्डावरचं जुनं पुसलं गेलं, नवं बसलं, आणि मी वर म्हणालो, आता कसं.

कापलेले तुकडे मात्र मी फेकले नाहीत. आमच्या बँकेत रद्द व्हाउचरसुद्धा फाडत नसत, तीच सवय. सगळे तुकडे जसे हाताला लागले तसे एकाला एक जोडून लॅपटॉपमध्ये ठेवले आणि वर नाव दिलं, 'कचरा'. खोटं कशाला बोलू, इक्बालला दाखवायचा होता. बघ लेका, तुझ्या गाण्यातून किती घाण काढली, असं.

शुक्रवारी संध्याकाळी मी आणि सुनीता इक्बालकडं गेलो, बरोबर स्पीकर घेऊन. इक्बाल होता, त्याची लेक सना होती. सनानं चहा केला. मी कार्ड लावलं आणि म्हटलं, "आता ऐक तुझी गाणी."

पहिलं गाणं सुरू झालं. काय सफाई! भाभी जशा स्टुडिओत उभ्या राहून गातायत. गाणं संपत आलं तसा इक्बाल खुर्चीत पुढं सरकला, मान वाकडी केली, कान स्पीकरकडं. आणि लगेच दुसरं गाणं सुरू झालं. तो मागं टेकला. दुसरं संपताना पुन्हा पुढं. तिसरं सुरू, पुन्हा मागं.

मी सुनीताच्या कानात म्हटलं, "बघ, कसा रंगलाय." सुनीता सनाकडं बघत होती.

चौथ्या गाण्याच्या शेवटी सना उठली आणि आत गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. आणि मी काय म्हणालो असेन? पदरचं काही सांगत नाही, सुनीता साक्षीदार आहे. मी म्हणालो, "क्वालिटी असली की असं होतं."

गाणी संपली. इक्बाल स्पीकरकडं बघत राहिला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "मुळ्या, खोकला कुठंय?"

"काढला," मी म्हणालो. छाती अशी पुढं. "एकसुद्धा ठेवला नाही."

"अन् बोलणं? ती बोलायची ना मधे मधे. गॅस बंद करा, दूध बघा…"

"तेही काढलं. आता नुसतं गाणं."

इक्बाल हसला. ते हसू देव कुणाला न दाखवो. म्हणाला, "डॉक्टरां से सालभर में नै हुआ रे. तू दो दिन में निकाल दिया."

मला तेव्हा कळलं. इतका वेळ लागला मला, विचार करा. मग तो सांगायला लागला. म्हणाला, "गाणी काय रे, पाचोडात कुणीबी गातं ती. तिच्या आईनं गायली, उद्या सना गाईल. मी गाण्यासाठी नव्हती लावली ती. गाणं झाल्यावर ती माझ्याशी बोलायची ना, त्यासाठी लावली होती. मूळचं कुठंय?"

"पुसलं," मी म्हणालो.

त्या खोलीत कूलर चालू होता. त्याची घरघर मला पहिल्यांदा नीट ऐकू आली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात ना, मी खाली फरशीकडं बघतच होतो.

सुनीतानं मला कोपरानं ढोसलं. "अहो, तो कचरा?"

अख्ख्या आयुष्यात बँकेच्या सवयीचा एवढा उपयोग मला कधी झाला नव्हता. "आहे," मी ओरडलोच. "कचरा आहे! घरी आहे!" इक्बालनं चप्पल घातली नाही. सुनीताला रिक्षा करायला सांगितली. तो तसाच अनवाणी माझ्या स्कूटरवर मागं बसला. घर येईपर्यंत त्यानं माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तो दुखत होता.

लॅपटॉप उघडला. 'कचरा' हे नाव त्यानं वाचलं. मी पटकन ते नाव झाकायला हात पुढं केला, म्हणजे पडद्यावर हात ठेवला. मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस.

मग ते सुरू झालं. खोकला. कुकरची शिट्टी. बांगड्या. "ओ जी, दूध देखो." पुन्हा खोकला. कुठला तुकडा कुठल्या गाण्यामागचा, मला काय ठाऊक? मी पाहिले होते, ऐकले कुठं होते? पण इक्बालला एकेक ठाऊक होता. डोळे मिटून सांगायचा. "हा ढोलकीच्या गाण्यानंतरचा. तवा बरी होती." पुढचा आला. "हा दिवाळीचा. इथून वाढलं बघ." मी लिहून घेत होतो. खोकल्यावरून तारीख सांगणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला, आणि पुन्हा बघायची माझी हिंमत नाही. मला रडू फुटलं. तो म्हणाला, "गप रे, ऐकू दे."

आणि मग एक तुकडा आला. आधी इक्बालचा आवाज: "हे गाणं मुळ्याला ऐकवतो." मग भाभींचा, हसत हसत, अगदी स्पष्ट:

"मुळे भाई कू नक्को सुनाओ जी. वो सुनते नै, सीधा दुरुस्ती करते."

मग खोकला.

सुनीता दारात उभी होती, तिनं तोंडावर पदर धरला. आणि इक्बाल हसायला लागला. खरं हसला, भाभी गेल्यापासून पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाला, "एवढं एक वाक्य काढायचं होतं ना लेका. तेच जपून ठेवलंस."

आम्ही बसून सगळे तुकडे जिथले तिथं लावले. प्रत्येक तुकडा लावण्याआधी मी तो पूर्ण ऐकला. शेवटपर्यंत, खोकला थांबून भाभींनी श्वास घेईपर्यंत. कूलरची घरघर मात्र परत आली नाही. ती कायमची गेली, आणि त्याबद्दल इक्बालनं मला अजून माफ केलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. थांबा, चहा संपवू नका. इक्बालनं त्या गाण्यांच्या आता कॉपी काढल्यात, जवळच्या माणसांना देतो. पण क्रम बदललाय. भाभींचं ते वाक्य त्यानं सगळ्यात आधी लावलंय. परवा आमचा नि इक्बालचा दूधवाला दार वाजवून म्हणाला, "मुळे भाई, दूध नीट हाय का बघा, नायतर करा दुरुस्ती."

शेवटी मी इक्बालला मेसेज टाकला: बाबा रे, गाणी ऐकली, पूर्ण ऐकली, फक्त ते पहिलं वाक्य तेवढं काढ.

या खेपेला उत्तर लगेच आलं.

"फारच छान आहे. सुधारणेला वाव नाही."