साहेबांचे चाळीस दिवस

माझ्या थोरल्या बहिणीचं जनावरांशी छान जमतं. माणसांना ती झेपत नाही. छत्तीस वर्षं ती एका मोठ्या इस्पितळात संसर्गाच्या वॉर्डात नर्स होती, त्यातली शेवटची बरीच वर्षं तिथली प्रमुख. गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणतात आणि म्हणताना आपोआप आवाज खाली आणतात. मी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. तिच्याच घराच्या वरच्या मजल्यावर बायको-मुलीसोबत राहतो, शिलाई मशीन दुरुस्त करतो, आणि गेली बारा वर्षं तिच्याशी कामापुरतं बोलतो. त्याचं कारण पुढे येईलच.

ताईकडे तीन पायांचा कुत्रा आहे, लंगडू. एका डोळ्याची मांजर आहे, तिला सगळे मावशी म्हणतात. आणि पुढच्या खोलीत खिडकीपाशी हिरव्या लव्हबर्डची एक म्हातारी जोडी होती, तिचं नाव नवरा-बायको, कारण दिवसभर भांडायची आणि रात्री एकमेकांना टेकून झोपायची. ही सगळी कुणी ना कुणी टाकलेली. कुठलंही नवं जनावर आलं की ते आधी मागच्या लहान खोलीत चाळीस दिवस एकटं राहणार, हा ताईचा कायदा. त्या खोलीत फक्त तीच जाणार, दाराला लटकवलेला जुना एप्रन घालून, आणि बाहेर आल्यावर कोपरापर्यंत हात धुणार. मी एकदा विचारलं, "पाहुणा आला तर त्यालाही चाळीस दिवस ठेवशील का?" ती म्हणाली, "तुझ्यासारखा असला तर ऐंशी."

समोरच्या इमारतीत गणिताचे एक निवृत्त मास्तर एकटे राहायचे. बायको गेल्यावर त्यांनी कॉकटील पक्षी आणला होता. करड्या अंगाचा, पिवळ्या डोक्याचा, गालांवर नारिंगी ठिपके. डोक्यावर तुरा, आणि जरा मनाविरुद्ध झालं की तो तुरा ताठ. म्हणून तो साहेब. साहेब मास्तरांच्या खांद्यावर बसून पेपर फाडायचा आणि मास्तर फाटलेला पेपर जोडून वाचायचे. आता मास्तरांची मुलगी त्यांना आपल्याकडे दुसऱ्या शहरात नेणार होती. नातवाला दम्याचा त्रास, आणि कॉकटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी सारखी झडते. साहेबांना तिथे जागा नव्हती.

मास्तरांनी आपल्या डोक्याने चोख हिशेब मांडला. निघायला पाच आठवडे होते. पक्षी आत्ताच सिस्टरकडे द्यायचा, रोज येऊन थोडा वेळ बसायचं, रोज थोडं थोडं दूर सरकायचं, म्हणजे तुटताना फार दुखणार नाही. त्याला आणि त्यांनाही. पिंजरा घेऊन आले तेव्हा हे सगळं त्यांनी माझ्यासमोर ताईला समजावून सांगितलं. ताईने शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, चाळीस दिवस आत कुणी नाही," ती म्हणाली. "माझ्या जोडीचं वय झालंय. याच्या अंगात काय आहे ते मला माहीत नाही."

"अहो, दोन वर्षं माझ्या घरात आहे. शिंकसुद्धा नाही त्याला."

"असेल. पण पक्षी आजार लपवतात. घर बदललं की मग बाहेर येतो."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. पाच आठवडे म्हणजे पस्तीस दिवस. गणित त्यांना मी शिकवायची गरज नव्हती.

तरी ते रोज यायचे. बाहेरच्या बाकावर बसायचे. आतून साहेब शिट्टी मारायचा, दोन लहान, एक लांब, ती मास्तरांनीच शिकवलेली. मास्तर उत्तर द्यायचे. पहिल्या आठवड्यात ताईने तेही बंद केलं. "तुम्ही उत्तर दिलंत की तो पिंजऱ्यावर धडका देतो. पंख मोडेल." मग मास्तर नुसते बसायचे. आतून शिट्टी यायची आणि हा माणूस ओठ घट्ट मिटून बसायचा. मला ते बघवत नव्हतं. आई आठवायची.

बारा वर्षांपूर्वी आमची आई ताईच्याच वॉर्डात वारली. कसला ताप होता ते डॉक्टरांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. नऊ दिवस ती आत होती आणि मी दाराच्या काचेबाहेर. ताई अंगभर झगा घालून आत-बाहेर करायची, माझ्या अंगावरून जायची, आणि मी हात जोडले तरी म्हणायची, "नाही." आई काचेकडे बघून हात हलवायची. दहाव्या दिवशी तोही हलला नाही. बहीण प्रमुख असलेल्या वॉर्डात मला आईचा हात धरता आला नाही, हे मी तिला माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नव्हता.

एकतिसाव्या दिवशी ताई म्हणाली, "साहेबांची शी हिरवट येतेय. तपासायला पाठवलीय." मला हसू आलं. मास्तर चार दिवसांनी निघणार आणि नेमकी आत्ताच शी हिरवी झाली! मी तोंडावर म्हटलं, "तुला लोकांना दाराबाहेर उभं करायची चटक लागलीय." तिने वहीतून डोकं वर काढलं नाही. ती रोज साहेबांचं वजन लिहायची.

चौतिसाव्या दिवशी लंगडूच्या कानाच्या जखमेचे टाके काढायला ती त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. किमान दोन तास लागणार होते. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. मी रस्ता ओलांडून गेलो. मास्तर खोकी बांधत होते.

"चला, भेटून घ्या."

"सिस्टरना विचारलंत?"

"तुम्ही चला हो!"

दाराशी मास्तरांनी एप्रनकडे बोट केलं. मी म्हटलं, "ते घातलंत तर तो ओळखायचा नाही." हे वाक्य माझंच. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायची सोय नाही.

साहेब पिंजऱ्यातून निघाला तो थेट त्यांच्या मानेत शिरला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. पक्षी त्यांच्या शर्टाची कॉलर कुरतडत होता, कानाशी पुटपुटत होता, मान वाकवून डोकं खाजवून घेत होता. तासभर मी दारात उभा राहिलो आणि खरं सांगतो, बारा वर्षांत इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. कुणीतरी एकदा तरी त्या दारातून आत गेलं होतं.

साहेबाला परत ठेवून मास्तर डोळे पुसत पुढच्या खोलीत आले. खिडकीपाशी नवरा-बायको भांडत होते. "आता यांच्याच जिवावर सोडून चाललोय त्याला," मास्तर म्हणाले, "ओळख करून घेतो." त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडून बोट आत घातलं. म्हातारी बायको बोटावर आली. त्यांनी तिला छातीशी धरलं, त्याच शर्टावर, जिथे पांढरी भुकटी दिसत होती. मग नवऱ्यालाही कुरवाळलं. मी बघत होतो. मला गंमत वाटली.

मास्तर दुसऱ्या दिवशी हसतमुखाने गेले. निघताना ताईला नमस्कार केला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. ताईच्या ते लक्षात आलं असणार.

मास्तर गेल्यावर नवव्या दिवशी जोडीतल्या बायकोने खाणं सोडलं. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली. ताईने तिला ओंजळीत घेऊन चमच्याने पाणी पाजलं, दिव्याची ऊब दिली. संध्याकाळी ती गेली. नवरा दोन दिवस रिकाम्या बाजूला टेकायला जायचा आणि कलंडायचा. मग तोही गेला. तोवर तपासणीचा कागद आला होता. साहेबाला आजार होता. औषध मिळालं की बरा होण्यातला, कधीकधी माणसालाही लागणारा, म्हाताऱ्या पक्ष्यांना मात्र न झेपणारा.

मी जिन्यात उभा राहून तिला सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "मला काय माहीत, त्याला खरंच आजार असेल!"

"मलाही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून तर दार बंद होतं."

जायचं सोडून ती तिथेच उभी राहिली.

"आईचंही माहीत नव्हतं. तुझ्या घरात सहा महिन्यांची गरोदर बाई होती. मी तुला आत घेऊन काय करायला हवं होतं, सांग ना. बारा वर्षं वाट बघतेय, तू कधीतरी स्वतःच मोजशील म्हणून."

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. वर तिचा अभ्यास चालला होता, मोठ्याने पाठ करत होती, जिन्यात ऐकू येत होतं. हे सगळं मला माहीत होतं. एक दिवससुद्धा माहीत नव्हतं असं नाही. फक्त मी ते ताईच्या बाजूला कधी मांडलं नव्हतं, कारण मांडलं असतं तर मला रागवायला कुणी उरलं नसतं.

तिने तिथूनच मास्तरांना फोन लावला. साहेब आजारी आहे, औषध चालू आहे, तुम्ही आणि मी दोघांनी डॉक्टरांना दाखवून घ्यायचं, नातवापासून तोवर लांब राहायचं, सगळं वॉर्डातल्या आवाजात एकेक करून सांगितलं. मग पलीकडून मास्तरांचा आवाज मलाही ऐकू आला.

"सिस्टर, मी त्या दिवशी... तुमच्या जोडीला हातात घेतलं होतं. त्यांना काही झालं नाही ना?"

ताईने आयुष्यात खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पेशंट मरणार असला तरी ती नातेवाइकांना सरळ सांगायची, म्हणून तर लोक तिला घाबरायचे.

"काही नाही, मास्तर," ती म्हणाली. "खिडकीत बसून भांडतायत."

फोन ठेवून ती आत गेली. मोकळा पिंजरा घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता. मी मदतीला दाराशी गेलो, तर तिने आतून कडी लावली होती.