बोनेट उघडून पाहिलेली रत्नागिरी

दोन हजार दोन सालची दिवाळीची सुट्टी. मंगळवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघी कराडहून निघालो, मी आणि माझी धाकटी नणंद शालन. मी शाळेत भूगोल शिकवते, शालन दवाखान्यात परिचारिका आहे. वीस वर्षं मी फळ्यावर कोकण किनारपट्टी काढत आले, पण रत्नागिरी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. आता मात्र चार महिन्यांपूर्वी मिळालेला परवाना पर्समध्ये होता आणि दारात आठ वर्षं वापरलेली पांढरी छोटी गाडी होती. मी स्वतः चालवत समुद्रापर्यंत जाणार होते!

तयारी जोरात केली होती. गाडी दोनदा धुतली, सीटला नवी कव्हरं शिवली, पुढे लिंबू-मिरची बांधली. बोनेट मात्र मी कधी उघडलंच नव्हतं. ते उघडायचा खटका कुठे असतो, हेही मला ठाऊक नव्हतं. निघताना नवऱ्याने खिडकीत वाकून एकच सल्ला दिला, "उतारावर न्यूट्रल कर. पेट्रोल वाचतं."

मलकापूरला मिसळ खाल्ली. आंबा गावाच्या पुढे रस्ता वळला आणि समोरची जमीन एकदम संपली. खाली निळसर धुकं, त्यातून वर आलेल्या डोंगरांच्या सोंडा. "हाच तो सह्याद्रीचा कडा!" असं मी वर्गात ओरडते तशी ओरडले. शालन म्हणाली, "वहिनी, कडा बघ, पण रस्त्यावरून."

मी आज्ञाधारकपणे गाडी न्यूट्रल केली आणि पाय ब्रेकवर ठेवला. तो पाऊण तास तिथून हललाच नाही. घाट जवळजवळ उतरत आला तेव्हा काहीतरी करपल्याचा वास यायला लागला. पुढच्या वळणावर मी ब्रेक दाबला आणि पॅडल लोण्यात सुरी जावी तसं थेट तळाला गेलं. गाडी थांबेना. समोरून दगड भरलेला ट्रक वर येत होता.

त्या चार-पाच सेकंदांत मी काय केलं ते मला अजून क्रमाने सांगता येत नाही. गियर दुसऱ्यात टाकला, गाडी किंचाळली, हँडब्रेक ओढला, चाकं डोंगराकडच्या गटारात घातली. गाडी थांबली. ट्रक हॉर्न वाजवत शेजारून निघून गेला. शालनचे दोन्ही हात समोर टेकलेले होते. मग तिने माझ्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळात पाहिलं. माझी नाडी मोजत होती!

"किती?" मी विचारलं.

"मोजण्यापलीकडे," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

अर्ध्या तासाने पॅडलमध्ये थोडा जीव आला. दोन माणसांनी धक्का देऊन गाडी गटारातून काढली. साखरप्याला चहाच्या टपरीवाल्याने नाक वर करून वास घेतला आणि सांगून टाकलं, "ब्रेक करपलेत तुमचे. घाट गियरात उतरायचा असतो, बाई. पायात नाय."

पुढचा सगळा रस्ता मी बैलगाडीच्या वेगाने चालवला. त्यामुळे कोकण मात्र नीट दिसलं. भात कापून पिवळी पडलेली वाफ्यांची जमीन, लालभडक चिऱ्याचे गडगे (दगड नुसते रचून केलेल्या कुंपणाच्या भिंती), मध्येच उघडा पडलेला सडा (जांभ्या खडकाचं सपाट पठार). पुस्तकातला जांभा खडक मी पहिल्यांदाच पाहिला. तापलेल्या विटेचा रंग, आणि अंगावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं. एक तुकडा मी शाळेसाठी उचलून घेतला.

रत्नागिरीत लॉजवर सामान टाकलं आणि मालकांना गॅरेज विचारलं. ते म्हणाले, "मिरकरवाड्याच्या रस्त्याला हबीबचाचांकडे जा. बावीस वर्षं बोटीवर इंजिनात होते. बोलतील थोडं, पण काम चोख."

हबीबचाचा पासष्टीचे, सडपातळ, पांढरी दाढी अगदी बारीक कापलेली. पत्र्याच्या शेडमध्ये एकटेच काम करत होते. मी घाटातली हकिगत सांगितली. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "बोनेट शेवटचं कधी उघडलंत?"

"कधीच नाही."

"मग आज उघडा. मी नाही उघडणार, तुम्ही उघडा."

स्टिअरिंगखालचा खटका सापडायलाच मला पाच मिनिटं लागली. झाकण वर गेलं आणि मी चार महिने जिच्यात बसत होते तिचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. चाचांनी एक पिवळट डबी दाखवली. "हे ब्रेक ऑईल. रंग बघा, काळ्या चहासारखा. हे ऑईल हवेतला ओलावा पितं. वर्षानुवर्षं बदललं नाही की त्यात पाणी मुरतं. घाटात ब्रेक तापले, पाणी उकळलं, वाफ झाली. तुम्ही पाय दिलात तो वाफेवर दिलात. वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोचत नाही."

मी भूगोलाची बाई. बाष्पीभवन मला कोणी समजावून सांगावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं!

"आणि न्यूट्रल?" मी हळूच विचारलं.

"न्यूट्रल कोणी सांगितलं?"

"नवऱ्याने."

चाचांनी आदरपूर्वक विषय बदलला.

इंजिन ऑईल मोजायची पट्टी त्यांनी मलाच ओढायला लावली. पुसायची, परत घालायची, मग बाहेर काढून बघायची. ऑईल खालच्या खुणेच्याही खाली होतं आणि डांबरासारखं काळं. पुढच्या ब्रेकचे पॅड झिजून कागदाएवढे उरले होते. "हे सगळं उद्या करू," चाचा म्हणाले. "पण सामानाची दुकानं दहाला उघडतात. तोवर सकाळी जेट्टीवर जा. माझा भाचा लाँचवर इंजिन बघतो. निघायच्या आधी तो काय करतो तेवढं बघून या."

म्हणून बुधवारी सकाळी आम्ही मिरकरवाड्याच्या बंदरात. काय तो गजबजाट! बर्फ फोडायचा खडखडाट, जाळी सांधत बसलेली माणसं, टोपल्यांत चमचमणारे बांगडे, आणि लिलाव पुकारणाऱ्या एका बाईचा असा खणखणीत आवाज की मला माझ्या सातवी ब च्या वर्गासाठी तिला पळवून न्यावंसं वाटलं. शालन एका सुरमईपुढे उभी राहून हलेचना. "वहिनी, ही माझ्याएवढी आहे!"

भाचा चाळिशीतला, मिशीवाला, कमी बोलणारा. त्याने इंजिनची पट्टी ओढली, पुसली, परत ओढली. पाणी पाहिलं. इंजिनावरचा रबरी पट्टा अंगठ्याने दाबला. कुठे ओल लागते का म्हणून खाली वाकून सगळीकडून हात फिरवला. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा नाहीत.

"रोज करता?" मी विचारलं.

"रोज."

"काही बिघडलेलं नसलं तरी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "दर्यात बंद पडली तर ढकलायला कोण येतंय, बाई?"

दुपारी चाचांनी नवे पॅड बसवले, इंजिन ऑईल बदललं आणि मला चालकाच्या जागेवर बसवलं. जुनं ब्रेक ऑईल काढून नवं भरायचं, नळ्यांतली हवा काढायची, तर पॅडल दाबायला दुसरं माणूस लागतं. ते चाकाशी आडवे झाले. "दाबा... धरून ठेवा... सोडा. दाबा... धरा..." एकेका चाकाला पंधरा-वीस वेळा. माझी पोटरी भरून आली, पण हळूहळू तळव्याखाली पॅडल घट्ट होत गेलेलं कळलं. तो आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. जणू गाडीने माझा पाय ओळखला! चाचांच्या बायकोने, हमीदाभाभींनी, घरून गरम घावनं (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी) आणि कोलंबीचं सुकं पाठवलं. आम्ही शेडमधल्या बाकावर बसून बोटं चाटत खाल्लं.

गुरुवार भाट्याच्या किनाऱ्याचा. सुरूच्या बनातून वारा येत होता, लांबच लांब ओली वाळू. मी पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी राहून क्षितिजाकडे बोट दाखवत शालनला खंडान्त उतार समजावला. ती पोहायला गेली. संध्याकाळी चाचांनी बजावल्याप्रमाणे लॉजच्या आडावरून गोडं पाणी आणून गाडी खालून धुतली. खारी हवा पत्रा खाते म्हणे.

शुक्रवारी निघायचं. शालनची शनिवारी सकाळी ड्युटी होती. सामान भरून झालं आणि मी ऐटीत बोनेट उघडलं. पट्टी ओढली, ठीक. ब्रेक ऑईल, मधासारखं स्वच्छ. पट्टा दाबला. मग भाच्यासारखा हात फिरवला, आणि रेडिएटरच्या खालच्या रबरी नळीवर बोटं ओली झाली. नळी एका जागी फुगल्यासारखी, मऊ.

लॉजच्या मालकांनी वाकून पाहिलं. "एवढ्याशा ओलीने काय होतंय? जा तुम्ही."

चाचांची शेड शुक्रवारी बंद. शेजाऱ्याने सांगितलं, ते पुतणीकडे गेलेत, थेट नमाजाला परततील, दोनला येतील. लॉजवर या, असा निरोप मी ठेवला. लॉजसमोरच्या एका टुरिस्ट गाडीच्या चालकानेही पाहिलं आणि मान हलवली, "कराडपर्यंत आरामात जाईल."

शालन चिडली. "वहिनी, सगळे जा म्हणतायत. तू तीन दिवसांची मेकॅनिक! उद्या माझी ड्युटी बुडाली तर?"

खरं होतं तिचं. माझ्यापाशी एका ओल्या बोटापलीकडे काही पुरावा नव्हता. पण ते घाटातलं पॅडल माझ्या पायाला अजून आठवत होतं. मी म्हटलं, "तुझ्या पेशंटचं अंग गरम लागलं, तर बाकीचे ठीक आहे म्हणतात म्हणून तू थर्मामीटर लावायचं सोडशील का?" ती बॅग घेऊन पायरीवर बसली. आम्ही थांबलो. चार तास.

सव्वादोनला चाचा लॉजवर आले, पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर टोपी. बाह्या सरसावून त्यांनी नळी अंगठ्याने वाकवली. ओठ उघडावेत तशी चीर उघडली आणि पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाली.

त्यांनी सदरा झटकला. मग म्हणाले, "हे मी बुधवारी बघायला पाहिजे होतं. माझं सगळं ध्यान ब्रेकात होतं. चूक झाली." मग हसले. "घाट चढताना इंजिन तापतं, पाणी जोर करतं. अर्ध्या घाटात फुटली असती. बाई, आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आज तुम्ही माझी काढलीत."

शालन पायरीवरून उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने हळूच माझ्या पाठीवर थाप मारली.

नवी नळी बसली आणि आम्ही चारच्या आत सुटलो. डिकीत चाचांनी दिलेला पाण्याचा मोठा कॅन होता आणि हमीदाभाभींचा डबा. साडेपाचला घाट सुरू झाला. दुसऱ्या गियरमध्ये गाडी गुरगुरत चढत होती, मागे सगळं कोकण तांबूस होत चाललं होतं, आणि तापमानाचा काटा मध्यावर शहाण्यासारखा उभा. मला मोठ्याने गावंसं वाटलं. मी गायलेसुद्धा.

वरच्या एका वळणावर एक जीप बोनेट उघडून उभी होती. वाफेचे लोट निघत होते. आत बायकामुलं. चालक फडक्याने रेडिएटरचं झाकण फिरवणार, एवढ्यात शालन चालत्या गाडीतूनच ओरडली, "हात लावू नका!" मी गाडी थांबवेपर्यंत ती उतरून पळतही गेली होती. तिने त्याचा हात धरून मागे ओढला. "असे भाजलेले चेहरे मी धुतलेत. थंड होऊ द्या आधी." मी कॅन काढून दिला. पाऊण तासाने जीप सुरू झाली तेव्हा त्यातल्या आजीबाईंनी शालनच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. कराड येईपर्यंत शालनला ड्युटीची आठवण झाली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती वेळेवर हजर होती.

वीस वर्षं मी मुलांना सांगत आले की खडक एका दिवसात झिजत नाही, पाणी थेंबाथेंबाने त्याला पोखरत असतं आणि आपल्याला दिसते ती शेवटची दरड. मला वाटायचं हा धडा डोंगरांचा आहे. रत्नागिरीहून मी आणलेलं खरं सामान म्हणजे रोजची पाच मिनिटं.

सोमवारी शाळेत निघायच्या आधी मी गल्लीत बोनेट उघडून उभी होते. समोरच्या घरातले निवृत्त तलाठी दात घासत फाटकाशी आले.

"काय बिघडलं, बाई?"

"काही नाही."

"मग उघडलंत कशाला?"

मी पट्टी पुसली, परत घातली आणि म्हटलं, "या, तुम्हालाही दाखवते."