बार हाय गो!

पोलादपूरच्या स्टँडवर मुंबईची एसटी लागली तेव्हा आईने माझ्या हातावर दही ठेवलं. आबा, म्हणजे माझे वडील, माझी बॅग सोडेनात. "लांब चाललीस. पन हाक मार, आमाला ऐकू येल," म्हणाले. मला हसू आलं होतं. अमेरिकेतून हाक!

आबा पूर्वी विहिरींच्या कामावर सुरुंग लावायचे. वात पेटवण्याआधी सगळ्या शिवाराला ओरडून सांगायचं, हा रिवाज. "बार हाय रेऽऽ!" मग बायका पोरांना पोटाशी घ्यायच्या, गडी गुरं आवरायचे, आणि मगच जमीन हादरायची. न सांगता बार काढणाऱ्याला वाडीत कुणी दारात उभं केलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत आमच्या घराजवळच्या ग्रोसरी स्टोअरमध्ये एक माणूस बंदूक घेऊन शिरला. मी आणि माझी लेक मीरा तांदळाच्या पिशव्यांपाशी होतो. मला आधी फटाकेच वाटले. कुणा बाईने आम्हाला दुधाच्या कोल्डरूममध्ये ओढलं, म्हणून वाचलो. काउंटरवरची मुलगी, जी मीराला दरवेळी स्टिकर द्यायची, ती नाही वाचली.

फोनवर आई-आबांना सांगितलं, आम्ही बरे आहोत. साफ खोटं. कुठेही गेले की मी आधी बाहेर पडायचं दार शोधायची. मीराला शाळेत सोडून पार्किंगमध्येच बसून राहायची. नवऱ्याला अमेरिकेतच ठेवून मे महिन्यात लेकीला घेऊन गावी आले. परत जायचंच नाही, असं मनाशी ठरवलं होतं.

दुसऱ्याच सकाळी फणसावर वानरं उतरली आणि आबांनी ती हाकलायला पाइपात कार्बाइड भरून नुसता आवाज काढणारी बंदूक उडवली. भानावर आले तेव्हा मी ओटीवर पालथी, मीरा माझ्याखाली, तिचं कोपर सोललेलं. "इथंपण तेच का?" मी बापावर किंचाळले. ते पाइप हातात धरून अंगणात रडत उभे होते.

मग घरोघर सांगत वाडीभर फिरून आले. तेव्हापासून वरच्या घरातून, बांधावरून, कुठूनही आधी हाक यायची, "बार हाय गोऽऽ!" मी मीराला पोटाशी घेऊन भिंतीला टेकायची. आवाज झाला की छाती धडधडायचीच. पण कुणीतरी आधी सांगितलेलं असायचं. तिकडे कुणीच सांगितलं नव्हतं, याचा राग तेव्हा कुठे आला, आणि मी पोटभर रडले.

जून संपत आला. मीरा बाबांसाठी झुरायला लागली. मी निघायचं नाव काढेना, तेव्हा आबा म्हणाले, "भीती जाईल आसं नाय सांगत मी. पन लेकीला येकटीला भिऊ देऊ नको."

आलो परत. जुलैत अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी असते. संध्याकाळपासूनच मी बाथरूमच्या फरशीवर जाऊन बसले. तुझं घर कुठलं, असं कुणी विचारलं की हल्ली मला तीच फरशी आठवते. मीरा आली, भिंतीला टेकून बसली, माझं डोकं तिने पोटाशी धरलं आणि आबांच्याच हेलात म्हणाली, "बार हाय गो, आई."