इसा टाउनच्या मैदानावरचे पांढरे पट्टे

बहरीनला जायचं ठरलं ते मुलाने तिकिटं पाठवली म्हणून नव्हे. तिकिटं तो दरवर्षी पाठवायला तयारच असतो. ठरलं ते शेजारच्या सुमनवहिनींमुळे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भर चारचौघींत त्या म्हणाल्या, "अगो, नातवाने मोबाइलवर बघितलंन, बहरीनला ऑलिंपिक कधी झालंच नाही!" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण हातातला तिळगूळ परत वाटीत ठेवला.

त्याचं असं झालं. आमच्या ह्यांनी बहरीनला एकोणीस वर्षं रंगाऱ्याचं काम केलं. एकदा पत्रात लिहिलं, 'सध्या ऑलिंपिकच्या मैदानावर पांढरे पट्टे मारतोय.' ते पत्र मी अख्ख्या वाडीला वाचून दाखवलं. तेव्हापासून आमचं घर म्हणजे 'ऑलिंपिकवाल्यांचं घर'. हळदीकुंकवाच्या रात्री ह्यांना धरलं तर म्हणतात, "ऑलिंपिकच्या मापाचं मैदान, असं म्हणायचं होतं. लिहिताना माप राहिलं."

राग आला. पण रागापेक्षा शंका वाईट, ती भाकरीतल्या खड्यासारखी. माप राहिलं, तसं मैदानही राहिलं असलं तर? म्हटलं, चला, डोळ्यांनीच बघू.

मुंबईहून विमानाने चारएक तास लागतात. व्हिजिट व्हिसाचं सगळं आमच्या संजयने केलं. थंडीच्या शेवटाला जा. हवा आपल्याकडच्या कार्तिकासारखी असते, संध्याकाळी शाल लागते. संजय नईमला राहतो, मनामातली जुनी वस्ती. गल्ल्या अरुंद, पण घरातून उतरलं की समोर भट्टी. तिथला खुबूस, म्हणजे तिथली रोटी, हातात घेतली की चटका बसतो. त्याबरोबर दाटसर करक चहा. आमचं पोट तेवढ्यावरच दुपारपर्यंत निघायचं.

बुधवारी संजय ऑफिसला गेला आणि आम्ही दोघं लाल बसने इसा टाउनला, ह्यांचं ते मैदान बघायला निघालो. बस मनामाच्या स्टँडवरून सुटते, तिकीट तीनशे फिल्स, म्हणजे तिथले पैसे, आत गारेगार. उतरल्यावर मात्र चालावं लागतं आणि सावली नाही. गुडघे कुरकुरणारे असतील तर सरळ टॅक्सी करा. मी चालले आणि पस्तावले.

क्रीडासंकुल भलं मोठं आहे. फुटबॉलचं जुनं स्टेडियम, पोहण्याचा तलाव, आतल्या खेळांचे हॉल. बाहेरून बघायला कुणाची ना नाही. फाटकावर पांढऱ्या दाढीचा, डोक्याला रुमाल गुंडाळलेला एक बहरीनी पहारेकरी होता. ह्यांनी मैदानाकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "मफी, मफी. आज बंद. जुम्मा को आओ, इंशाल्ला."

मफी म्हणजे नाही. हा शब्द मी पहिल्याच दिवशी शिकले.

"नक्की हेच ना मैदान?" परतताना मी बसमध्ये विचारलं.

"हेच गो. तेव्हा भिंत नव्हती एवढी."

"भिंत नव्हती, माप नव्हतं. काय होतं तरी तेव्हा?"

मला बोलून वाईट वाटलं, पण बोलून गेले होते.

शुक्रवार आमचा शेवटचा दिवस, शनिवारी पहाटेचं विमान. संजयने गाडी काढली. बरोबर नात ईरा. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून. गाडीने जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: इसा टाउनला जुन्यापान्या सामानाचा मोठा बाजार आहे, शुक्रवारी त्या बाजूला गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे देव पावणं. आठच्या आत पोचा. आम्ही पोचलो तर संकुलाचं पार्किंग निम्मं रिकामं होतं, पैसेही कुणी मागितले नाहीत. बाजार नंतर जरूर बघा, पितळी कॉफीच्या किटल्या बघण्यासारख्या असतात. संजय गाडीपाशी फोनवर अडकला, आम्ही तिघं पुढे झालो.

फाटक उघडं होतं. मुलं धावायच्या सरावाला आली होती. पहारेकरी तोच. त्याने ओळखलं, हात हलवून आत घेतलं. जिन्याने प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर गेलो आणि खाली मैदान दिसलं. हिरवंगार, भोवती विटकरी रंगाची धावपट्टी, तिच्यावर पांढऱ्या रेघा. मला राहवेना. मी तरातरा खाली उतरायला लागले.

मागून पहारेकरी ओरडला, "बस! बस!" वळून बघते तर तो तळहात खाली करून हवेत थोपटतोय. केवढा भला माणूस, म्हातारीचे गुडघे त्याला कळले! मी तिथल्या तिथे पायरीवर बसले.

तो आणखी जोरात, तिथे म्हातारीला म्हणतात तसं, "बस, हज्जिया, बस!"

"बसले हो बाबा, बसले! आणखी किती बसू?"

"आजी, ही मीन्स स्टॉप!" ईरा हसून कोलमडली. ह्यांनी आपल्या गंजलेल्या अरबीत पहारेकऱ्याला समजावलं, की आमच्यात बस म्हणजे खाली टेक. तो इतका हसला की रुमाल सुटला. मग त्याने ह्यांना विचारलं, आलात कशाला? हे छातीवर हात ठेवून म्हणाले, "अना सब्बाग." मी रंगारी. आणि खालच्या रेघांकडे बोट केलं.

पहारेकऱ्याने सुटलेला रुमाल पुन्हा गुंडाळला. "यल्ला, चलो," म्हणाला, "पाच मिनट."

आम्ही खाली उतरलो आणि चपला काढून धावपट्टीच्या कडेला उभे राहिलो. हे वाकले, रेघेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्या माझ्या नाहीत."

"म्हणजे?" मी विचारलं.

"धावपट्टी नवी घातलेय. माझ्या रेघा तिच्याखाली गेल्या असतील, नाहीतर उखडून टाकल्या असतील. उन्हात रंग टिकतो किती?" त्यांना खोटं बोलता आलं असतं. 'ह्या माझ्याच' म्हणाले असते तर मी काय ओळखणार होते?

मग मीच विचारलं, "अहो, ही सुरुवातीची रेघ प्रत्येकाला वेगळी का? बाहेरच्याला पुढे उभा केलाय, हा वशिला नाही का?"

हे खुलले. "वशिला नव्हे. बाहेरच्याचं वळण मोठं, त्याला जास्त पळावं लागतं. ती वाढ मोजून त्याला तेवढा पुढे घ्यायचा. रेघ पाच सेंटीमीटरची, दोन्हीकडे टेप लावून. एक रेघ चुकली की साहेब सगळी पुसायला लावायचा. एकदा तीन दिवस पुसत होतो." ते पट्ट्यापट्ट्यातून चालत सांगत होते, ईरा मागून मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. पहारेकरी पाच मिनिटं केव्हाच विसरला.

एवढं ज्याला माहीत, त्याला मी आणखी काय विचारू? मी म्हटलं, "चला, ऊन चढतंय." त्यांनी माझ्या चपला उचलून पुढे ठेवल्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, हे पहिल्यांदाच.

घरी येऊन महिना झाला. सुमनवहिनींना मीच जाऊन सांगितलं, की ऑलिंपिक तिथं झालं नाही, पत्र वाचताना मीच फुगवलं. ह्यांच्या राहून गेलेल्या मापाचं नाव काढलं नाही. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गो, आम्हाला ऐकायला बरं वाटायचं."

ईराने काढलेला व्हिडिओ वाडीभर फिरला. तो बघून शाळेचे गुरुजी आले, मुलांच्या शर्यतींसाठी मैदान आखून द्याल का म्हणून. काल दुपारभर हे चुना आणि सुतळी घेऊन शाळेच्या मैदानावर होते. सुतळीचं दुसरं टोक मी धरलं होतं. एकदा माझा हात जरासा हलला, तर ह्यांनी अख्खी रेघ पुसायला लावली.