तेल त्यांनी काढलं, नाव माझं झालं

आमच्याकडं गाडीचं तेल बदलायचं म्हणजे आधी सोयरीक बघावी लागते. नांदेडात पावलापावलावर गॅरेजं आहेत, पण आमची गाडी जाणार ती नणंदेच्या दिराच्याच गॅरेजात. दुसरीकडं नेली तर पाहुण्यांना राग येतो, आणि आमच्या पाहुण्यांचा राग दोन लग्नं आणि एक बारसं झाल्याशिवाय उतरत नाही. पाहुण्यांना काम येतं का, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.

गाडी माझी. मी इथंच शाळेत शिकवते, माझ्या पगारातून जुनी गाडी घेतली आणि शाळा ते घर चालवते. लेक लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला, होस्टेलवर. आईबापांना भेट फक्त रविवारी दुपारी. पहिल्याच चाचणीत तिला कमी मार्क पडले आणि ती फोनवर रडायलाच लागली. मी म्हटलं, "रडू नको, रविवारी धपाटे घेऊन येते. मीच गाडी चालवत येते."

घरात असा गोंधळ झाला की जणू मी विमान उडवणार होते. सासरे म्हणाले, "जा बापा. पण वाटंत बंद पडली तर गाडी विकून टाकायची. बायामाणसाचं काम न्हाई ते. आन् जायच्या आधी पाहुण्याकडून तेल बदलून घे." नवऱ्यानं मान डोलावली. त्यांची मान कायम डोलतच असते.

शनिवारी गॅरेजात गेले. भाऊजींनी, म्हणजे नणंदेच्या दिरानं, आधी मला गॅरेजामागच्या घरात पाठवलं. बाईमाणूस गॅरेजात उभं राहिलं तर पाहुण्यांची इज्जत जाते म्हणे! आत भाऊजींच्या बायकोनं पोहे केले, चहा केला, कुणाचं कुठं जमतंय ते सांगितलं. मी तसाच कप हातात घेऊन बाहेर आले, तर गाडीखालच्या घमेल्यात तेल पडत होतं. पिवळं, करडीच्या तेलासारखं स्वच्छ.

"भाऊजी, इंजिनातलं जुनं तेल काळं असतं ना? हे तर पिवळं निघायलंय."

भाऊजी गाडीखालूनच हसले. "वैनी, तुम्ही गाडी चालवताच कुठं? निसतं शाळा ते घर. तेल काळं व्हायला कष्ट लागतेत!"

गॅरेजातली सगळी माणसं हसली. वरून नवं तेल ओतून झाल्यावर मी तेल बघायची पट्टी काढायला हात घातला, तर भाऊजींचा चेहराच पडला. "पाहुण्यावर इस्वास न्हाई व्हय, वैनी?" त्यांनी तिथूनच माझ्या नवऱ्याला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. नवरा म्हणाला, "अगं, त्यांच्यासमोर तपासू नको. वाईट दिसतं."

वाईट दिसतं! गाडी पेटली तर चालेल, पण वाईट दिसायला नको.

रविवारी सकाळी निघाले. लोहा ओलांडलं तसा मागून धूर निघायला लागला. माळाकोळीच्या पुढं गिअर किंचाळू लागला, आणि अहमदपूरच्या अलीकडं गाडी जी थांबली ती थांबलीच. रस्त्याच्या कडेला उभी राहून नवऱ्याला फोन केला. "क्लचवर पाय ठेवूनच चालवलीस ना?" भाऊजींना केला. "वैनी, गिअर कसा टाकता तुम्ही?" मग नणंदेचा आला, चुलतसासऱ्यांचा आला. आयुष्यात बैलगाडीसुद्धा न हाकलेल्या माणसांनी मला क्लच शिकवला.

अहमदपूरहून मेकॅनिक आला तेव्हा दुपार कलली होती. त्यानं पट्टी काढून दाखवली. इंजिनात दुप्पट तेल, आणि गिअरमध्ये थेंब नाही. गाडीखाली तेल काढायचे दोन नट असतात, एक इंजिनाचा, एक गिअरचा. आमच्या पाहुण्यांनी इंजिनाचा म्हणून गिअरचा खोलला होता.

तिकडं लातूरला लेक होस्टेलच्या फाटकाशी माझी वाट बघत उभी होती. भेटीची वेळ संपली तेव्हा तिचा फोन आला. "असू दे मम्मी. जेवले मी." जेवली नव्हती ती. मला कळत नाही का? मी गाडीत बसून रडले, आणि धपाटे तसेच डब्यात राहिले.

गाडी अहमदपुरात ठेवून मी बसनं परत आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी विचारपूस करायला घरी हजर! त्यांना ताट वाढलं. सासरे म्हणाले, "म्या म्हनलं व्हतं. आता गाडी विकून टाका."

मी भाऊजींकडं बघत राहिले. मेकॅनिकनं त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. आता तरी हा माणूस बोलेल, असं वाटलं. भाऊजींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "हाव, मामा. लांबच्या रस्त्याला बायकांच्या हातात गाडी टिकत न्हाई."

माझं डोकंच फिरलं.

"भाऊजी, गिअरचं तेल तुम्ही काढलंत. इंजिनात जुन्यावर नवं ओतलंत. माझी लेक दुपारभर फाटकाशी उभी राहिली, ती तुमच्यामुळं!"

घास भाऊजींच्या हातातच राहिला. सासरे कडाडले, "पाहुण्याला असं तोंडावर बोलतेत का?"

"मग काय पाठीमागं बोलू? पाठीमागं तर सगळे मलाच बोलायलेत!"

नवऱ्याची मान पहिल्यांदाच थांबली होती. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांच्या बोलण्यावर त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"गाडी विकायची न्हाई," त्या म्हणाल्या. सासऱ्यांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "कधी दुरुस्त व्हईल गं ती? झाली की मला घिऊन चल लातूरला. नातीला बघून लई दिस झाले. आन् म्या म्होरं बसणार, मागं मळमळतंय मला."